गया, शेवटचा भाग मी खोटा वाचला

गया,

काल तुझा तेरावा झाला. माणसं जेवून गेली, मांडववाल्यानं पातेली आणि सतरंज्या नेल्या, तुझी संगीता आत जरा आडवी झाली आहे. आता तुझ्याशी बोलता येईल. त्याआधी मला तोंड नव्हतं.

पेपरात तुझा फोटो आला होता. गाव कोणतं, मागं कोण कोण आहे, ते सगळं खाली बारीक अक्षरात होतं. फोटो आधार कार्डावरचा दिला, त्यामुळं तू चोरी करताना सापडल्यासारखी दिसत होतीस. मी संगीताला तसं म्हणाले. ती हसली आणि मग लगेच मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

ही वही माझ्या नातीची, प्रणालीची. ती शेंद्र्याच्या कंपनीत लागल्यापासून तिच्या कॉलेजच्या दोन वह्या कोऱ्याच पडल्या होत्या. चौथीनंतर मी एवढं कधी लिहिलेलं नाही. पण मला वाचता येत होतं आणि तुला येत नव्हतं, इथूनच हे सगळं सुरू झालं, म्हणून लिहूनच सांगते.

गोष्ट एवढीच आहे. त्या कोरियन सिरीयलचा शेवटचा भाग मी तुला खोटा वाचून दाखवला. तुझा नवरा अठ्ठावीस वर्षांनी परत आला होता, एकदा भेटतो म्हणत होता, आणि तू त्याला भेटू नयेस असं मला वाटत होतं. म्हणून. बाकीचं सांगतेच, पण हे आधी सांगून टाकलं. तुला ताटकळत ठेवलेलं आवडायचं नाही.

तू मोरीत घसरलीस, कमरेत प्लेट बसली आणि मेसमधलं पोळ्या लाटायचं काम सुटलं, तेव्हापासून तू छताकडं बघत पडायला लागली होतीस. मी भाजीचा गाडा दुपारी आवरून तुझ्याकडं यायचे. तू विचारायचीस, "आज गवार खपली नाय का? तोंड का असं?" मी म्हणायचे, "तोंड जन्मापासून असंच हाय." मग दोघी छताकडं बघायचो. दोन म्हाताऱ्यांना बोलायला किती असणार. प्रणालीनं ते बघितलं आणि तिच्या फोनवरचं काहीतरी तुझ्या टीव्हीवर आणून दिलं. म्हणाली, "गयाआजी, सगळ्या कंपनीतल्या पोरी हेच बघतात. हिंदीत बोलतात, समजेल." रिमोटवरचं थांबवायचं बटण तिनं मला दाखवलं आणि पोरगी गाडी धरायला पळाली.

पहिल्या दिवशी मी म्हणाले, हा बाप्या आहे का बाई आहे ते आधी कळू दे. कपाळावर केस, ओठ लाल, तोंडाला पावडर. तू म्हणालीस, "गप बस, चांगला हाय." भिंतीपलीकडच्या शमीमआपा आवाज ऐकून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. त्यांना पहिली गोष्ट आवडली ती चपलांची. "देखे क्या बाई, ये लोगां जूते उतार के अंदर आते. अपने सिरियलां में तो पलंग पे बी सँडल पेन के बैठते." त्या दिवसापासून आपण तिघी.

त्यांची नावं आपल्या तोंडात कधी बसली नाहीत. तो बंदरावर बोटी दुरुस्त करायचा म्हणून बोटीवाला. ती बापाचं सूपाचं दुकान चालवायची म्हणून दुकानवाली. तिला पैशाचं पाकीट देऊन माझ्या पोराला सोड म्हणणारी त्याची आई, तिला तू काही नाव दिलं नाहीस, ती आली की नुसतं "आली" म्हणायचीस.

आपलं तिघींचं कधी एकमत झालं नाही. मला ती सिरीयल फार हळू वाटायची. अर्धा भाग दोघं बसस्टॉपवर उभी, छत्री एक, बोलणं काही नाही. मी म्हणायचे, एवढ्या वेळात मी मेथीच्या दोन जुड्या निवडल्या असत्या. म्हणून मी मेथी घेऊनच यायला लागले. आपांना तिथल्या बायका हिरव्या बाटलीतली दारू पितात ते खपायचं नाही. ते दोघं जवळ आले की आपा चहाची कपबशी शोधायला उठायच्या, कपबशी हातातच असायची. आठव्या भागात त्यांनी एकदाचं तोंडाला तोंड लावलं, तर दोघं विजेच्या खांबासारखी ताठ. तू म्हणालीस, "झालं व्हय? याच्यासाठी आठ भाग?"

पण तुला तो आवडायचा, आणि का आवडायचा ते तू सांगितलंस. "भांडण झालं तरी आधी जेवलीस का म्हणून विचारतोय, बघ."

मी म्हणाले, "लिहून दिलंय त्याला तसं."

"मग आपल्याकडच्यांना का कुणी लिहून दिलं नाय?"

तो एकदा तिला पाठुंगळी घेऊन चढ चढतो, तेव्हा तू आपल्या कमरेवर हात ठेवून म्हणालीस की आता या वयात कुणी असं उचललं तर बरं होईल. मी म्हणाले, तुला उचलायला जेसीबी लागेल. तू इतकी हसलीस की प्लेट दुखली, आणि मग मलाच शिव्या दिल्यास.

त्याच्या रडण्यावरून आपलं भांडण मिटलंच नाही. मी म्हणायचे, उठसूट रडणारा बाप्या काय कामाचा. रडणं फुकट असतं, त्याला काही लागत नाही. तू म्हणालीस, "कौसे, फुकट असंल. पण मला फुकटबी कुणी दिलं नाय." मी मेथीची देठं गोळा करून उठले. याच्यावर काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मला तसलं सुचत नाही, तुला माहीत आहे.

आपल्याकडं पाणी येण्याच्या दिवशी भाग बघायचा नाही असा नियम होता. पण नळावर सगळ्या गल्लीत तीच चर्चा. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची सून म्हणायची, असला नवरा पाहिजे. तिची सासू म्हणायची, असला मुलगा नको, आईचं एक ऐकत नाही. हंडे भरून वाहायला लागायचे तरी बायका बोलतच. तू खिडकीतनं कमरेला हात लावून निकाल द्यायचीस. इतकी वर्षं याच गल्लीत तुझ्याविषयी खालच्या आवाजात बोलणाऱ्या बायका आता तुझा निकाल ऐकायला थांबत होत्या. ते मला बरं वाटायचं.

बाराव्या भागात बोटीवाला निघून गेला. सकाळी बोट सुटली, दुकानात टेबलावर एक वाटी पालथी घातलेली, आणि तो नाही. चिठ्ठी नाही, काही नाही.

तू टीव्हीकडं बघत राहिलीस. आपा म्हणाल्या, "आएगा बाई, सिरियल है, आनाच पडता." तू त्यांना म्हणालीस, "आज चहा राहू द्या आपा."

मला माहीत होतं तू काय बघत होतीस. तुझा नवरा सुरतेला यंत्रमागावर कामाला म्हणून गेला, तेव्हा संगीता पाच वर्षांची होती. वर्षभर निरोप येत होते, मग बंद झाले. मग कुणीतरी सांगितलं की तो तिथं ठीक आहे, जिवंत आहे. तेवढंच. तू पोरीला घेऊन मुकुंदवाडीत खोली केलीस, माझ्या शेजारी. आणि तीन वर्षं, मनमाडकडून येणारी दुपारची पॅसेंजर आली की तू स्टेशनवर जाऊन उभी राहायचीस. लहानसं स्टेशन आपलं, चार माणसं उतरायची. तू चारही माणसांची तोंडं बघायचीस. एकदा मी तुझ्या मागं आले आणि तुला दंडाला धरून म्हणाले, "पोरगी कुलपात हाय. चल." तू आलीस. दुसऱ्या दिवशी परत गेलीस.

ते थांबलं कसं ते मला आजही माहीत नाही. एक दिवस तू गेली नाहीस. पण ती तीन वर्षं मी बघितली आहेत.

आणि तू माझं जे बघितलंस तेही सांगायला पाहिजे. माझे मालक गेले तेव्हा सगळ्या बायका माझ्याजवळ बसून रडल्या. तू आली नाहीस. तू माझा गाडा लावलास. आठ दिवस. तुला भाजी विकता येत नव्हती. वांगी आतून किडकी निघतील हो, असं तू गिऱ्हाइकाला आधीच सांगायचीस. नवव्या दिवशी मी गाड्यावर गेले तर माणसं मला विचारायला लागली, त्या खरं बोलणाऱ्या बाई कुठं गेल्या. मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आता मानते. उशीर झाला, पण मानते.

तर, बारावा भाग झाला त्याच महिन्यात करमाडहून फोन आला. त्याचा पुतण्या बोलत होता. काका परत आलेत, आमच्याकडंच असतात, तब्येत बरी नसते, काकूला एकदा भेटायचं म्हणतात. तू "बरं" म्हणालीस आणि ठेवून दिलास. मला म्हणालीस, "करमाड म्हणजे किती लांब आहे गं? संगीताची जालन्याची बस तिथूनच जाते ना?" तो सुरतेला असताना तू कधी अंतर विचारलं नव्हतंस. मी घाबरले ती तिथं.

तेराव्या भागापासून सिरीयल हिंदीत बोलेनाशी झाली. त्यांचीच भाषा, खाली हिंदी अक्षरं. प्रणाली म्हणाली, हिंदीतले पुढचे भाग अजून आले नाहीत, थांबा. थांबायला कुणाला सवड होती. आपांना उर्दू वाचता येतं, ही अक्षरं येत नाहीत. तुला काहीच येत नव्हतं. म्हणजे उरले मी.

मी चष्मा लावून टीव्हीला नाक लावून बसायचे. एक ओळ आली की बटण दाबून थांबवायची, वाचायची, मराठीत सांगायची, परत बटण. एका तासाच्या भागाला तीन तास लागायचे. तो तोंड उघडं ठेवून थांबलेला असायचा आणि मी अक्षरं जुळवत असायचे. आपा म्हणायच्या, "जल्दी पढो ना, बेचारे के जबड़े दुखरे होंगे." तू मात्र कधी घाई केली नाहीस. हात जोडून ठेवल्यासारखे मांडीवर घेऊन माझ्या तोंडाकडं बघायचीस, टीव्हीकडं नाही. तसं कुणी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. चौथी पास बाई, पण तुमच्या दोघींच्या पुढं मी बालिस्टर.

प्रेमाचं बोलणं मी आधीपासूनच थोडं कमी करून सांगायचे, ते कबूल करते. तो चार ओळी बोलायचा, चंद्र, समुद्र, असलं. मी सांगायचे, "बरी दिसतेस म्हणतोय." मला ते मोठ्यानं वाचायची लाज वाटायची. तुम्हाला कळायचंही, आपा हसायच्या. तेवढ्यात काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते शेवटच्या भागात. सात वर्षांनी तो परत येतो. दुकान बंद व्हायची वेळ, ती खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवते आहे. तो दारात उभा. ती विचारते, "का आला नाहीस?" हे मी नीट वाचलं. मग तो बोलायला लागला. मी बटण दाबलं.

खाली लिहिलं होतं: मला लाज वाटत होती. जेवढी वर्षं गेली तेवढी लाज वाढत गेली. मी दोनदा या दारापर्यंत येऊन परत गेलो. माफ कर म्हणायचा मला हक्क नाही. तू जेवलीस का, एवढंच विचारायला आलो.

मी ते मनात वाचलं. दोनदा वाचलं. तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस.

मी म्हणाले, "तो म्हणतोय, कामात होतो."

"एवढंच?"

"एवढंच."

"सात वर्षं?"

"बोटी लई असतील."

मी बटण दाबलं. तो अजून बोलतच होता. मी परत थांबवलं आणि म्हणाले, "बाकी तेच तेच हाय." आणि मग ती बया हातातली खुर्ची टाकून त्याच्या गळ्यात पडली, आणि समुद्र दाखवून सिरीयल संपली.

तू काय चिडलीस. "मूर्ख हाय ही. कामात होतो म्हणाला आन् ही गेली गळ्यात." आपा म्हणाल्या, "मोहब्बत में ऐसाच होता बाई." मग माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "पन उसकी आंखां में कुछ और था, कौसाबाई. काम में था बोलने वाले की आंख ऐसी नै होती." मी मेथी गोळा करत होते. मेथी निवडून झाली नव्हती तरी गोळा केली. ज्या बाईला ती अक्षरं वाचता येत नव्हती तिनं मला धरलं, आणि मी म्हणाले, "आपा, तुमचा चष्मा बदला."

पुढं आठवडाभर नळावर भांडण. प्रणालीच्या वयाच्या पोरी म्हणत होत्या शेवट फार भारी, रडून डोळे सुजले. तू खिडकीतनं म्हणत होतीस शेवटानं सगळी माती केली. पोरी चक्रावल्या. ज्यांनी सिरीयल बघितलीच नव्हती त्या बायका तुझ्या बाजूनं झाल्या. अर्धी गल्ली त्या सिरीयलला अजून नावं ठेवते, ती माझ्यामुळं.

प्रणाली तुला म्हणाली, "गयाआजी, तुम्हाला त्याचं बोलणं आवडलं नाही? पाच मिनिटं बोलतो तो."

तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणाले, "त्यांच्या भाषेत लांब लागतं बोलायला."

ती गेल्यावर तू विचारलंस, "कौसे, तू नीट वाचलं ना?"

"चौथी पास हाय मी."

तू "व्हय" म्हणालीस. त्या व्हयचा मला अजून अर्थ लागलेला नाही. तुला कळलं होतं का? कळून तू गप्प बसलीस का? आपांनी तुला वेगळं काही सांगितलं का? मी आपांना परवा विचारलं. त्या म्हणाल्या, "मेरेकू क्या मालूम बाई. वो मेरेसे बी ज्यादा नै बोलती थी."

चार दिवसांनी तू लसूण सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "त्याला बोलवू का गं एकदा?"

मी म्हणाले, "येऊन काय सांगणार हाय? कामात होतो?"

तू हसलीस. बराच वेळ लसूण सोललास. मग म्हणालीस, "नको म्हण त्यांना." फोन मीच लावला. पुतण्याला सांगितलं, काकू नको म्हणतात, परत फोन करू नका. दुसरं वाक्य तू म्हणाली नव्हतीस, ते मी घातलं.

अडीच महिने झाले आणि तू गेलीस. सकाळी चहा गाळताना. मी आले तेव्हा गाळणं तुझ्या हातातच होतं.

मग बायका जमल्या आणि तुला नेसवायचा प्रश्न आला. नवरा जिवंत, म्हणजे सवाष्ण. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, मळवट, ओटी. एक म्हणाली हिरवंच नेसवायला पाहिजे, दुसरी म्हणाली, तिनं वीस वर्षांपूर्वी गळ्यातलं काढून ठेवलं, आता कशाचं हिरवं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. संगीता जालन्याहून निघाली होती, वाटेत होती. तिला फोन करून विचारता आलं असतं. मी म्हणाले, "निळी नेसवा. ती सणाला नेसायची ती. कुंकू रोज लावायची तेवढंच लावा." बायकांनी ऐकलं. माझं ऐकतात. संगीता आली, तिनं निळी साडी बघितली, काही बोलली नाही. मला वाटलं तिला पटलं.

दहावा झाला त्या संध्याकाळी, पेपरातलं बघून, पुतण्याचा परत फोन आला, या वेळी संगीताला. काका तेराव्याला येऊ का विचारतात. तिनं फोन ठेवला आणि मला विचारलं, "मावशी, आईच्या मनात काय होतं? तुला माहीत असणार."

इथं मला सांगता आलं असतं. ती नको म्हणाली होती, मी स्वतः ऐकलं, लसूण सोलताना. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण ते "नको" कुणी तयार केलं होतं ते मला माहीत होतं. मी तिला सगळं सांगितलं. सिरीयल, अक्षरं, कामात होतो, फोन. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती. हात थांबला नाही तिचा.

"खरं काय म्हणाला होता तो?"

मी सांगितलं. जेवढं आठवत होतं तेवढं, आणि ते सगळं आठवत होतं.

तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "मावशी, तू आईसाठी केलं ते मला कळतं. पण तुम्ही दोघी त्याला बोलवायचं का नाही ते ठरवत बसला. तो माझा बाप आहे. मला कुणी फोन केला का?"

"नाय केला."

"आणि साडीचं?"

"तेबी नाय विचारलं."

"मी हिरवी नेसवली असती असं नाही," ती म्हणाली. "पण विचारायचं होतंस."

गया, मला आयुष्यात पुष्कळ माणसं बोलली. गाड्यावरची बाई रोज काही ना काही ऐकून घेते. पण तुझ्या पोरीनं आवाज न चढवता जे सांगितलं ते मला लागलं. तुला वाचवायला निघाले होते मी. तू स्टेशनवर जायचं स्वतःचं स्वतः थांबवलंस, मी दंड धरून नाही, एवढं मला माहीत होतं, आणि तरी मला वाटलं की चार ओळी ऐकून तू परत तिथं जाऊन उभी राहशील. मी तुला एवढंच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगीता एकटीच करमाडला गेली. दुपारी आली. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "गेले, चहा घेतला, आले." यापुढं मी विचारलं नाही. बघ, मला तेवढं जमलं.

काल तो तेराव्याला आला. पुतण्यानं मोटारसायकलवरून आणलं. बारीक झालाय, तू ओळखलं नसतंस, कदाचित ओळखलं असतंस. मांडवाच्या कडेला बसला. बायका एकमेकींना कोपरानं ढकलत होत्या. आपांनी त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि परत आल्या. जेवणं झाल्यावर तो माझ्याकडं आला.

"फोनवर तुम्हीच बोलला होता ना?"

"व्हय."

"ती शेजारी होती?"

"होती."

"काय करत होती?"

"लसूण सोलत होती."

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला पुरलं. मग म्हणाला, "नको असं तिनंच म्हटलं?"

"तिनंच म्हटलं. पण त्याआधी मी तिला एक खोटं सांगितलं होतं. त्याच्यामुळं म्हणाली असंल, नसंलबी."

"कशाचं खोटं?"

"सिरीयलचं."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की ही म्हातारी कामातून गेली. मग मीच विचारलं, कारण ते विचारायचा हक्क तुझ्यानंतर कुणाला असेल तर मला आहे असं अजूनही मला वाटतं. "का आला नाही एवढी वर्षं?"

तो उभा राहिला. मला वाटलं आता बोलेल. दोन्ही हातांनी टोपी धरली होती. म्हणाला, "आता काय सांगू."

आणि गेला. रडला नाही. लाजेचं नाही, दाराचं नाही, तू जेवली होतीस का, तेही नाही. मला वाटलं होतं की असं काही झालं तर मला बरं वाटेल, बघ म्हणाले होते ना, असं तुला सांगता येईल. बरं वाटलं नाही. तुझ्यासमोर तो कदाचित वेगळं बोलला असता. किंवा हेच बोलला असता आणि तू ते पुरेसं मानलं असतंस, किंवा त्याला दारातनं हाकलून दिलं असतंस आणि मग मला हाक मारली असतीस. यातलं कोणतं झालं असतं ते फक्त तुला माहीत, आणि तुला ते कळायची वेळच मी येऊ दिली नाही.

मी तुझी माफी मागत नाही. मागून तू देणार कशी, आणि न देता आलेली माफी मी मिळाली म्हणून घरी नेणार नाही. जे केलं ते केलं. तुझ्यावर माया होती म्हणून केलं, हेही खरं आहे, पण मायेनं ते बरोबर होत नाही.

तो गेल्यावर संगीता ताटं उचलत होती, मीही हात लावला होता. फाटकाकडं बघत म्हणाली, "मावशी, आईनं त्याला घरात घेतलं असतं का?"

आपा तिथंच होत्या. गिरणीवाल्याची सून होती. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. तुझ्याविषयी काहीही विचारायचं असलं की माणसं मलाच विचारतात, आणि मी सांगत आले आहे. गयाला हे चालत नाही, गया येणार नाही, गयाला तसलं आवडत नाही.

मी म्हणाले, "मला माहीत नाय."

संगीतानं माझ्या हातातलं ताट घेतलं.

तुझी,
कौसा